बाबा, खोदाई आठ दिवस थांबवा

ती. आई आणि बाबा,

काल फोनवर तुमच्या नव्या घराच्या प्लॅनवरून मी चिडले त्याबद्दल आधी सॉरी. पण बाबा, तुमचं असं आहे ना, फोनवर तुम्ही "हो हो, बघतो" म्हणता आणि विषय तिथेच राहतो, म्हणून हे लिहून पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव, म्हणजे त्यांना मधलं काही गाळता येणार नाही.

प्लॅनचा फोटो मी तीनदा झूम करून बघितला. दिसायला छान आहे, खोटं कशाला बोलू. पण तुमची बेडरूम वर का? खाली मोठा हॉल, पाहुण्यांची खोली, आणि तुम्ही दोघं वर. पाहुणे म्हणजे कोण, आम्हीच ना, आणि आम्हाला जिना चढता येतो. मागच्या वेळी तुम्ही आमच्याकडे आला होतात तेव्हा आई जिना कशी उतरली ते मी वर उभी राहून बघत होते. कठडा दोन्ही हातांनी धरून, आडवी होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, साडी पायात येते." त्या दिवशी आईने ड्रेस घातला होता.

तेव्हा बेडरूम खाली, आणि बाथरूम तिला लागून. यावर मी ऐकणार नाहीये. वरचा मजला नंतर कधीही चढवता येईल, फक्त पाया आणि कॉलम आत्ताच त्या हिशोबाने डिझाईन करून घ्या, घर उभं राहिल्यावर पाया मजबूत करत बसणं फार महागात पडतं. आणि पाया किती खोल हे शेजारच्या घराकडे बघून ठरवू नका, माती तपासून घ्या, खाली काळी माती निघाली तर ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते आणि मग भिंतींना तडे जातात, गिलावा कितीही चांगला करा.

जोत्याचं पण बघा. पाणी शिरू नये म्हणून जोतं उंच हवं हे बरोबर, पण 2 फूट उंच जोत्याला नीट चढता येईल असा रॅम्प करायचा तर तो 24 फूट लांब होतो, कारण 1 फूट चढायला 12 फूट लांबी लागते. रॅम्प आत्ता बांधा असं म्हणत नाहीये, तेवढी जागा सोडून ठेवा. बाबा आता म्हणणार "आम्ही काय एवढे म्हातारे झालोय का". नाही झालात. पण माझा घोटा मुरगळला होता तेव्हा माझं वय काय होतं? आमच्या बाथरूमचं दार सव्वादोन फुटी, चौकट आणि पल्ला जाऊन जेवढी फट उरते तेवढ्यातून वॉकर सरळ जाईना, तिरका करून, एका पायावर उड्या मारत मी महिनाभर आत जात होते. खालची सगळी दारं चौकट धरून साडेतीन फुटांची घ्या, म्हणजे 3 फूट तरी मोकळे मिळतील. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, कारण आत कोणी पडलं तर आतल्या बाजूला उघडणारं दार त्याच माणसाला अडतं आणि बाहेरच्याला ढकलता येत नाही.

बाथरूमबद्दल अजून थोडं. कमोडच्या बाजूला आणि शॉवरखाली धरायचे दांडे. हे टाईल्स लावायच्या आधी ठरवा, कारण हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा स्क्रू माणसाचं वजन पेलत नाही, तेवढ्या जागी काँक्रीट भरून घ्यावं लागतं. फरशी खडबडीत, चकचकीत नको (आई, पुसायला त्रास होतो हे मला माहितीये, तरी). पलंगाजवळून आणि बाथरूमजवळून दोन्हीकडून चालू-बंद होईल असा टू-वे स्विच, आणि मेन बोर्डात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), यात वाद नको.

जिन्याच्या सगळ्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या हव्यात, साधारण 6 इंच. हे साधं वाटतं पण काँक्रीट करताना सगळ्या सारख्या असतात आणि नंतर हॉलमध्ये 2 इंच फरशी बसली की सगळ्यात खालची पायरी बुटकी होते, पायाला अंदाज नसतो आणि माणूस तिथेच अडखळतो. आमच्याकडे अगदी हेच झालंय. येणारा प्रत्येक जण तिथे एकदा तरी दचकतो.

आता बांधकामाचं. माझ्या घराच्या वेळी मी रंग आणि टाईल्स निवडण्यात दोन महिने घालवले आणि जे आत गाडलं जाणार होतं त्याकडे बघितलंच नाही. स्लॅबच्या दिवशी मी सगळ्यांना चहा देत फिरत होते. मिक्सरजवळ एक पोरगा होता, माल जरा घट्ट वाटला की बादलीभर पाणी ओतायचा. मी मुकादमाला विचारलं तर तो हसून म्हणाला, "ताई, पाण्याशिवाय माल सरकत नाही." मला पटलं. काय कळणार होतं मला! नंतर कळलं की सिमेंटच्या 50 किलोच्या गोणीला साधारण 25 लिटर पाणी पुरतं, त्यातही वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी धरून. जास्तीचं पाणी उडून जातं आणि काँक्रीटमध्ये बारीक बारीक भोकं ठेवून जातं, त्यातून ओल सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंजली की फुगते आणि खालून पोपडे पडायला लागतात. पडायला वर्षं लागतात, तोपर्यंत कॉन्ट्रॅक्टर कुठे आणि आपण कुठे. माल सरकत नसेल तर व्हायब्रेटर चालवा, इंजिनियरला विचारून प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सरकता करणारं रसायन) घाला, बादली नाही. बाबा, स्लॅबच्या दिवशी तुम्ही खुर्ची टाकून मिक्सरजवळ बसा, चहाचं आई बघेल. आणि काँक्रीट ओतायच्या आधी जाळीखाली वाकून बघा, सळई फळीला टेकलेली नको, खाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई उचलून धरणारे ठोकळे हवेत, स्लॅबला 20 मिलिमीटर, कॉलमला 40, पायाला 50. खडीचे तुकडे सरकवून "झालं की हो" म्हणतील, ऐकायचं नाही.

नंतर पाणी मारणं. ज्यात पाणी नको तिथे बादल्या ओततात आणि जिथे हवं तिथे कंटाळा! सिमेंट वाळून कडक होत नाही, पाण्याशी रिअ‍ॅक्शन होऊन होतं, म्हणून निदान 7 दिवस ते ओलं राहिलंच पाहिजे, फ्लाय अ‍ॅश (कोळशाची राख) मिसळलेलं सिमेंट असेल तर 10 दिवस, आणि ठरलेली ताकद 28 दिवसांनी धरतात. स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याची आळी करून पाणी भरून ठेवायचं, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळायचं. सकाळी एकदा भिजवून दुपारी कोरडं पडलेलं चालत नाही. हे काम मी बाबांनाच देणार, पाच वाजता उठून करता काय नाहीतरी. तुमच्या त्या निळ्या डायरीत तारखा लिहा, स्लॅब कधी टाकला, कोणता टेकू कधी काढला, आणि इंजिनियरने सांगितल्याशिवाय एकही टेकू काढू द्यायचा नाही, मुकादमाला फळ्या दुसऱ्या साईटवर हव्या असतात म्हणून घाई असते.

गळतीचं तर तुम्हाला माहितीच आहे, आमच्या पाहुण्यांच्या खोलीच्या छतावरचा तो ओलीचा नकाशा तुम्ही बघितलाय. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला वॉटरप्रूफिंग झालंय, मी हो म्हटलं आणि टाईल्स बसल्या. करायला काय हवं होतं, तर नाहणीचं तोंड बंद करून बाथरूममध्ये पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारायची, आणि 24 तासांनी, जमलं तर 48, खाली जाऊन छताला हात लावून बघायचा. फुकटातली टेस्ट. ती मी घेतली नाही आणि सहा महिन्यांत नव्या टाईल्स फोडल्या. टाईल्सच्या आधी पाईपांची प्रेशर टेस्ट पण घ्या. आणि प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, भिंतीला टेप लावून, म्हणजे वायर आणि पाईप कुठून गेलेत ते कळतं. आम्ही एक फोटोफ्रेम लावताना पाईपलाच भोक पाडलं होतं, आठवतंय ना?

पैशाचं बाबांना मी काय सांगणार, फक्त एवढंच, काम पुढे आणि पैसे मागे असं ठेवा. टप्पा संपला, इंजिनियरने बघितला, मग चेक. शेवटचे थोडे टक्के पहिला पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा, आणि हे आधीच कागदावर घ्या, नंतर मागितलं की भांडण होतं. मधेच काही बदलायचं तर तेही लिहून, रेटसकट. जो आकडा काढलाय त्याच्या वर 10 ते 15 टक्के बाजूला असू देत, आमच्याकडे ते फर्निचर यायच्या आधीच संपले होते.

मी शनिवारी येतेय, टेप आणि लाल पेन घेऊन. आई, तू घरातल्या चपला घालून माझ्यासमोर उभी राहा, ओट्याची उंची तुझ्या कोपराच्या साधारण 4 इंच खाली घ्यायचीय आणि तू चपला घालूनच काम करतेस. ठरलेल्या मापाने नको, ते माप ज्याने ठरवलं तो तुझ्यापेक्षा उंच असणार. बाबा, तोपर्यंत खोदाईच्या आखणीची चुन्याची फक्की मारू देऊ नका. मुकादम ओरडला तर माझं नाव सांगा.

तुमची,
थोरली