सोनाआत्याचा दावा

यावल,
आखाजीचा दुसरा दिवस

प्रिय आबा,

दोन महिने पत्र नाही, तू रागावला असशील. गुडघा बरा, घरी सगळे ठीक. पण हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू? आपल्या दोघांच्या कादंबरीच्या तिसऱ्या भागाची प्रुफं आलीत आणि पान 212 वर हात थांबला. सोनाआत्या 1952 साली भावांवर वाटणीचा दावा लावते आणि जिंकते. भो, हे होऊच शकत नाही! मुलीला वारस धरणारा हिंदू उत्तराधिकार कायदा आला जून 1956 मध्ये. त्याआधी भाऊ हयात असताना एकत्र कुटुंबाच्या जमिनीत बहिणीला वाटा नव्हता. चौथा भाग ज्या दाव्यावर उभा राहणार, तो पहिल्याच तारखेला फेटाळला जाईल.

तू म्हणशील, दावा 1957 मध्ये ढकलू. नाही चालत. वारसा ठरतो माणूस गेला त्या दिवशीच्या कायद्यानं, दाव्याच्या तारखेनं नव्हे. आणि आत्याच्या वडिलांना, बापूंना आपण दुसऱ्या भागात 1949 च्या पोळ्याला मारून बसलोय, पुस्तक लोकांच्या घरात आहे. बरं, मृत्युपत्र करून ठेवलं म्हणावं तर वडिलोपार्जित सामाईक जमिनीतला हिस्सा तेव्हा मृत्युपत्रानं देता येत नव्हता.

वाट एकच दिसते, स्त्रीधन. पहिल्या भागात मायच्या, म्हणजे आत्याच्या आईच्या लग्नात आंदण दिलंय, दोन एकर आणि विहीर. मांडवात मुलीला दिलेलं ते तिचं, आणि तेव्हाच्या कायद्यानं तिच्यामागे ते मुलांच्या आधी मुलींकडे जायचं. आधी बिनलग्नाच्या, मग लग्न झालेल्या. त्यातही गरीब मुलगी आधी. सोनाआत्या एकुलती एक मुलगी, म्हणजे प्रश्नच नाही. माय 1951 ला गेली, भावांनी फेरफार करून सातबाऱ्यावर आपलीच नावं चढवली, म्हणून आत्या कोर्टात. जमीन दोनच एकर, पण खालची सगळी केळी त्या विहिरीच्या पाटावर! पावसाळ्यात लावलेली मृगबाग असो की त्यानंतर लावलेली कांदेबाग, केळीला वर्षभर पाणी लागतं. मोट थांबली की वैशाखात बाग गेली. भांडण आधीपेक्षा मोठं होतं की नाही?

हे सगळं वहीमुळे टळलं असतं. माणसागणिक एक पान, तीन रकाने: साल, वय, त्या साली घरात आणि गावात काय घडलं. नेमाड्यांच्या चांगदेव पाटलाच्या चारही कादंबऱ्यांत नायक एकच, तिथे एक पान पुरतं. आपल्याकडे तीन पिढ्या आणि आजोबांचं नाव घेतलेले दोन नातू. तू म्हणालास, वही कारकुनाची, कादंबरी आपोआप चालते. तेव्हा आपण आठ दिवस बोललो नव्हतो, आठवतं? आता जिभाऊ बघ. फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला, डिसेंबर 1936 मध्ये, तो बापूंच्या खांद्यावर बसलाय. दुसऱ्या भागात 1942 ला तो अठरा वर्षांचा आहे. म्हणजे फैजपूरला बारा! बारा वर्षांचा घोडा खांद्यावर घेऊन बापूंची मान मोडली असती. पायी चालव त्याला, हातात भाकरीचं फडकं दे.

पान 240 वर 1955 साली भेळेला पंचवीस पैसे दिलेत. नवे पैसे एप्रिल 1957 पासून. चार आणे कर. वंशावळ प्रत्येक भागाच्या सुरुवातीला हवीच, यावर मी अजूनही ठाम आहे.

सूनबाईंची बदली झाली का? नाशिकच्या घराचं रंगकाम उरकलं असेल. वहिनींना नमस्कार सांग, कळण्याच्या पिठाची पिशवी पोचवतो.

प्रुफं सोमवारी परत जायचीत. माझी पहिल्या भागाची प्रत कोणीतरी नेली ती आलीच नाही. तुझ्या प्रतीत लग्नाचं प्रकरण काढ आणि नीट वाच: विहीर 'पोरीला' दिली असं लिहिलंय की 'जावयाला'? जावयाला असेल तर ते स्त्रीधन नाही, मग बस पकडून तूच ये.

तुझा,
दगडू