हेलिकॉप्टरला दारं नव्हती

कुनुनुरा, १४ जुलै

ती. आई-बाबा,
सा. न.

फोटो बघून आईने पहिलं काय विचारलं असेल ते मला माहीत आहे. हो, हेलिकॉप्टरला दारं नव्हती. इथे ती काढूनच ठेवतात, म्हणजे बघायला आणि फोटोला मध्ये काच येत नाही. पट्टा कमरेवरून आणि खांद्यावरून असतो. टोपी, ओढणी, सुटं काहीही बरोबर घेऊ देत नाहीत, कारण उडालेली वस्तू शेपटीच्या पंख्यात गेली तर संपलंच. आधी प्रत्येकाचं वजन करतात आणि त्यावरून कोणी कुठे बसायचं ते ठरतं. सलीलला पुढे बसायचं होतं, पण काट्याने त्याला मागे पाठवलं. त्याची कुरकुर अजून चालू आहे.

आधी सांगितलं नाही ते मुद्दाम. पार्कात फोनला रेंज नाही, आणि आई, तू तोवर देव पाण्यात घालून बसली असतीस.

हा भाग म्हणजे किम्बर्ली, पश्चिम ऑस्ट्रेलियाचा उत्तरेकडचा कोपरा. डार्विनहून निघालो. राज्याच्या हद्दीवर फळं, भाज्या आणि मध काढून घेतात, त्यामुळे तू दिलेला महाबळेश्वरचा मध आम्ही आदल्या रात्रीच पोळीला लावून फस्त केला. महामार्ग सुरेख आहे, पण तो सोडल्यावर पुर्नुलुलू नॅशनल पार्कपर्यंत ५३ किलोमीटरची कच्ची वाट आहे. फोर व्हील ड्राइव्ह गाडीच लागते, ओढे गाडीनेच ओलांडायचे. बाबा, तुमच्या मणक्याला ही वाट झेपणार नाही, हे मी गाडीतच ठरवून टाकलं. तंबूत रात्री चांगलीच थंडी वाजते, दिवसा माश्या नाकातोंडात जातात.

आता डोंगर. बंगल बंगल म्हणतात त्याला. खालून चालत गेलं की पुढचे थोडे घुमट दिसतात आणि वाटतं, पाहिलं सगळं. वर गेल्यावर कळतं की ते नुसतं अंगण होतं. मागे घुमटांवर घुमट, भाताच्या मुदी पंगतीत मांडाव्यात तसे, आणि प्रत्येकावर आडवे पट्टे, एक केशरी, एक काळपट. मध्ये इतक्या अरुंद घळी की तळाशी ऊन पोचत नाही, आणि तिथे ताडासारखी झाडं उभी. त्यातल्या बऱ्याचशा घळींत जायला पायवाटच नाही.

पट्ट्यांचं कारण बाबांना आवडेल. वाळूचा दगड आहे, सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वीचा. आपला सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटींचा, म्हणजे यापुढे अगदीच पोर. ज्या थरात चिकणमाती जास्त, तिथे ओल टिकते आणि सूक्ष्म जिवाणूंची काळसर साय धरते. जो थर लगेच वाळतो त्यातलं लोह गंजून केशरी होतं. हे नुसतं वरचं पातळ कवच आहे. आतला दगड इतका ठिसूळ की कवच गेलं तर पाऊस त्याला धुऊन नेईल, म्हणून घुमटांवर चढायचं नाही.

किजा आणि जारू लोक इथे हजारो वर्षं आहेत, गुराख्यांनाही डोंगर ठाऊक होता. बाकीच्या ऑस्ट्रेलियाला तो कळला १९८३ मध्ये, टीव्हीवाल्यांनी वरून चित्रण केलं तेव्हा. ‘शोध लागला’ असं इथे सर्रास म्हणतात. मला ते जरा हास्यास्पद वाटतं. १९८७ मध्ये पार्क झालं, २००३ मध्ये जागतिक वारसा.

एवढं सगळं लिहिलं त्याला कारण आहे. पुढच्या वर्षी जूनमध्ये तुम्ही दोघं या. इथे तेव्हा कोरडा हंगाम असतो, आणि तुमच्याकडे पाऊस सुरू होत असतो. कच्च्या वाटेचं नाव काढायचं नाही. वॉर्मनहून, अगदी महामार्गालगतच, हेलिकॉप्टर उडतं. तेही नको असेल तर कुनुनुराहून छोटं विमान जातं, दारं पक्की बंद. आई, ते तुझ्यासाठी. त्यात वाटेत आर्गाइल तलावही दिसतो. बाबा, पाटबंधारे खात्यात उभा जन्म कोयनेचे १०५ टीएमसी मोजण्यात गेला ना तुमचा, हा भरला की तिपटीहून जास्त. धरण मातीचं-दगडाचं, १९७२ मधलं, आणि तलावात मगरी. उंचीही तुम्हीच येऊन विचारा, मी सांगणार नाही.

झोपायला इथे साधी हॉटेलं आहेत, तंबू नाही. बाबांचा पासपोर्ट संपत आलाय, तेवढं पुण्याला जाऊन करून घ्या. गुडघ्याच्या डॉक्टरांनाही लांबच्या विमानप्रवासाचं विचारा. आणि खर्चाचं बघून बाबांनी आईला न विचारता परस्पर ‘नको’ कळवू नये. उत्तर मला आईच्या अक्षरात हवं आहे.

तुमची,
मनू