आण्णांचं युद्ध

सातारा,
9 नोव्हेंबर 2025

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप आण्णांना दिला. नौदल दिनाला, 4 डिसेंबरला, तुझ्या शाळेत यायला ते तयार आहेत. पण परिचय तू करून देणार, आणि 'शत्रूला पाणी पाजणारा वीर' असलं काही तू बोललास तर ते तिथेच अवघडून जातील. म्हणून फोन न करता सविस्तर लिहितोय.

आमचं मूळ घर पाटण खोऱ्यातलं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आण्णा 17 वर्षांचे होते. आजोबा आधीच गेलेले. घरातली माणसं वाचली, पण घर बसलं आणि गोठ्यातला बैल गेला. आजी आणि आण्णांच्या दोन धाकट्या बहिणी पत्र्याच्या आडोशाला राहायला लागल्या. आपल्या जिल्ह्यातली पोरं भरतीला म्हणजे पायदळाच्याच रांगेत उभी राहायची. आण्णांना नेव्हीची भरती आधी लागली, म्हणून ते नेव्हीत गेले. तोवर त्यांनी समुद्र पाहिलेलाही नव्हता. घर उभं करायचं होतं, एवढंच डोक्यात.

लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर बॉयलरचं शिक्षण झालं आणि पुढे नेमणूक मिळाली विक्रांतवर. 1971 साली ही आपली एकमेव विमानवाहू बोट, आणि तिच्या एका बॉयलरला तडे गेलेले. दुरुस्तीसाठी थांबायला सवड नव्हती. ते दुखणं सांभाळतच तिला मुंबईहून बंगालच्या उपसागरात नेलं. 4 डिसेंबरला तिच्यावरून सी हॉक विमानं उडाली आणि पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाझारवर बॉम्ब पडले. पुढे चितगाव. तुझ्या मुलांना हे पुस्तकात सापडेल. पण डेकवरून विमान भिरकावणारं कॅटापल्ट वाफेवर चालायचं. बोटीचा वेग कमी, म्हणून समोरून वारा कमी, आणि अलिझेसारखं जड विमान उडवायचं तर तो वारा हवाच. म्हणजे वरच्या वैमानिकाचा जीव खालच्या पोरांनी धरून ठेवलेल्या वाफेवर. आण्णा त्या पोरांतले एक. युद्ध चालू असताना त्यांनी एकही विमान उडताना पाहिलं नाही, शत्रूचा किनारा पाहिला नाही. पाहिला तो फक्त दाबाचा काटा. तेव्हा "तुम्ही किती शत्रू मारले?" असा प्रश्न मुलांना विचारू देऊ नकोस. "काटा खाली यायला लागला की काय करायचात?" असं कुणी विचारलं तर बघ, फळ्यावर अख्खा बॉयलर काढून दाखवतील.

त्या दिवसांत आजीला पत्रं यायची ती पत्त्यावाचून. कुठे आहे ते लिहायची बंदी. 'मी खुशाल आहे, मनिऑर्डर मिळाली का, भिंत कुठवर आली' एवढाच मजकूर. त्या मनिऑर्डरींवर घर झालं, दोन्ही आत्यांची लग्नं झाली. स्वतःचं लग्न त्यांनी सगळ्यात शेवटी केलं.

1983 ला पेन्शनीवर आले आणि साखर कारखान्यात बॉयलरवरच लागले. आई अंगणवाडीत जायची, सकाळी लवकर निघायची. म्हणून आण्णांनी हंगामभर रात्रपाळी मागून घेतली. पाळीवरून सकाळी यायचे, अंगाला बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा वास तसाच, आणि आमचे डबे करायला बसायचे. बापाने लाटलेली पोळी डब्यात नेणारे शाळेत आम्हीच. ते झोपायचे कधी, हा प्रश्न मला पडला तो मी स्वतः बाप झाल्यावर.

2019 ला आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. तेव्हापासून तू घरी आलेला नाहीस, म्हणून हे सांगतो. तिच्या पलंगापासून मोरीपर्यंत आण्णांनी कमरेच्या उंचीवर जाड दोर ताणलाय. तिच्या डाव्या हाताचा अंदाज घेऊन वीतवीतभर अंतरावर गाठी मारल्यात, टोकं सुटू नयेत म्हणून दोऱ्याने आवळून बांधलीत. खवळलेल्या समुद्रात डेकवर असाच दोर बांधतात म्हणे. आई पहिल्यांदा तो धरून एकटी मोरीपर्यंत गेली तेव्हा आण्णा मागे हात पसरून चालत होते, तिला न शिवता. एका वहीत दर चार तासांची नोंद असते: बीपी, गोळी, पाणी किती, झोप लागली का. डॉक्टर आधी ती वही मागतात. बोटीवर वॉच, म्हणजे पाळी बदलताना लॉग लिहायची सवय, ती इथे कामी आली. आम्ही बाई ठेवू म्हटलं तर म्हणाले, "माझी पाळी आहे."

आणखी एक गोष्ट आहे, ती फक्त तुझ्यासाठी, परिचयात नको. आण्णांच्याच भरतीतला, शेजारच्या गावचा एक मित्र खुकरी या युद्धनौकेवर होता. 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला बोटीबरोबर गेले. एकूण 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक. तो त्यांतच. त्याला एकच बहीण. तेव्हापासून भाऊबीजेला आण्णा आधी तिच्याकडे जातात, मग आमच्या आत्यांकडे. आत्यांनीही कधी तक्रार केली नाही. एकदा तिला घेऊन ते दीवला गेले. तिथल्या स्मारकात काचेत खुकरीची प्रतिकृती आहे. त्या बाईने पिशवीतून निरांजन काढलं आणि काचेसमोर ओवाळलं. आण्णांनी हे आम्हाला कधीच सांगितलं नाही, तिनेच सांगितलं. यंदा त्यांना तिच्याकडे मीच गाडीने घेऊन गेलो. आता तीही थकलीय.

त्या बाईला 4 तारखेला बरोबर आणायचं आण्णांच्या मनात आहे. तिची ओळख करून द्यायची तर "आण्णांची बहीण" एवढंच म्हण. आईही येतेय, तेव्हा कार्यक्रम तळमजल्यावर ठेव आणि अकराच्या आत उरक, तिची बाराची गोळी चुकलेली आण्णांना चालत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश