शिसव आणि आंब्याची दागिन्यांची पेटी

सावंतवाडी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा पेटीचा आराखडा पोहोचला. वाड्यातला शिसवी झोपाळा वाटणीत तुझ्याकडे आला आणि त्याच्या फळीतून वहिनींच्या दागिन्यांसाठी पेटी करायचे तू मनावर घेतलेस, हे वाचून फार आनंद झाला. लांबी ३०० मि.मी., रुंदी २०० आणि उंची ११० हे माप योग्य आहे. झाकणावर साग, हळदू, फणस, अक्रोड आणि शिसव अशा पाच लाकडांचे चौकोन बसवण्याचा बेत मात्र मला पटला नाही, आणि तो का पटला नाही हे सविस्तर सांगायचे असल्यामुळे पत्र लांबणार आहे.

लाकडाचे रेशे सरळ न धावता वळले की त्याच्या अंगावर नक्षी उमटते. फांदी फुटते त्या बेचक्यात, गाठीभोवती, बुंध्याच्या मुळालगतच्या भागात, किंवा खोडच लाटा घेत वाढले असेल तर सबंध फळीभर ती दिसते. वळलेल्या रेशांवरून उजेड निरनिराळ्या दिशांना परततो, म्हणून फळी हातात थोडी फिरवली तरी चकाकते पट्टे जागा बदलतात. हे दिसायला सलग, मोकळी जागा लागते. तेच लाकूड दीड-दीड इंचाच्या चौकोनांत कापलेस की त्याचा केवळ रंग उरतो. शिवाय दोन नक्षीदार लाकडे शेजारी आली, तर एका बैठकीत दोन गवयांनी एकदम आलापी सुरू करावी तसा प्रकार होतो. म्हणून माझे सांगणे असे की लाकडे दोनच घे, आणि त्यांतले एक शांत असू दे.

तू म्हणशील, एकोणिसाव्या शतकातल्या त्या प्रसिद्ध ‘बॉम्बे बॉक्स’वर तर रंगांची दाटी असते. असते खरी, पण ते साडेलीचे काम आहे. चंदन, शिसव, हस्तिदंत, कथील यांच्या बारीक कांड्या एकत्र चिकटवून त्यांचा जुडगा करायचा, तो आडवा कापून पातळ चकत्या काढायच्या आणि त्या पेटीवर बसवायच्या, ही विद्या इराणातून सुरतेला आणि तेथून मुंबईला आली. त्या कामात प्रत्येक तुकडा इतका लहान असतो की लाकडाच्या स्वतःच्या नक्षीला तेथे वावच नाही. आकृती सर्वस्वी कारागिराची असते. तुझ्याजवळची फळी त्या कामासाठी खर्ची घालणे मला तरी जिवावर येईल.

शिसवाच्या जोडीला मी आंबा सुचवतो. हसू नकोस. आंब्याचे लाकूड म्हणजे खोक्यांचे लाकूड, असे आपल्याकडे सगळेच म्हणतात आणि त्यामुळे वखारीत त्याला कोणी नीट पाहत नाही. पण जुन्या रायवळ आंब्याच्या खोडात कधी कधी फार सुरेख लाटा निघतात, आणि सोनेरी अंगावर गुलाबी-करड्या छटा असतात. बुरशीने काळ्या रेघा ओढलेल्या असल्या तर विचारूच नकोस. तशी एक फळी मी तुझ्यासाठी बाजूला काढून बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवली आहे, कारण आंब्याला कीड लवकर लागते. ती आली की लगेच करवत लावू नकोस. कोकणच्या हवेत वाळलेले लाकूड सोलापूरच्या कोरड्या हवेत आणखी आकसणार, तेव्हा दोन-तीन महिने ते तुझ्या घरातच, खाली पट्ट्या देऊन, पडू दे.

आता झोपाळ्याची फळी. तिची जाडी तू सव्वा इंचाहून थोडी अधिक लिहिली आहेस, हे उत्तम झाले. कड्यांच्या भोकांपासून दूरचा, सुमारे सव्वापाचशे मि.मी. लांबीचा तुकडा घे आणि तो बँडसॉवर, म्हणजे पट्ट्याच्या यंत्रकरवतीवर, जाडीतून उभा चिरून दोन पातळ फळ्या कर. दोन्ही फळ्यांच्या ताज्या चिरलेल्या बाजू एकमेकींचे प्रतिबिंब असतात. त्याच बाजू पेटीच्या बाहेर ठेवायच्या आणि प्रत्येक फळीतून ओळीने एक आखूड व एक लांब बाजू कापायची. असे केले म्हणजे शिसवाचे काळे-जांभळे पट्टे चारही कोपऱ्यांवरून न तुटता वळसा घालतात. एकाच लांब पट्टीतून चारही बाजू काढल्या तर तीन कोपरे जुळतात आणि चौथा हमखास चुकतो. फळीचे उरलेले तुकडेही टाकू नकोस. चांगले शिसव आता सहज मिळत नाही, आणि २०१७ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आहेत.

कोपरे ४५ अंशांत जोडताना शिसवाची कड आधी ॲसिटोनने पुसून घे, नाहीतर त्याच्या तेलकटपणामुळे गोंद धरत नाही. तिरका सांधा नुसत्या गोंदावर टिकायचा नाही, म्हणून प्रत्येक कोपऱ्यात आडव्या खाचा पाडून त्यांत दोन मि.मी. जाडीच्या आंब्याच्या चिपा बसव. पेटीभर एवढीच सजावट मला पुरेशी वाटते.

झाकणाची आंब्याची फळी मात्र कुठेही पक्की चिकटवू नकोस. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हलते. त्यातला ओलावा चार-पाच टक्क्यांनी बदलला तरी १८० मि.मी. रुंदीत दीड-दोन मिलिमीटरचा फरक पडतो. ती शिसवाच्या बाजूंना आतून पाडलेल्या खाचेत सैल बसली पाहिजे, दोन्ही अंगांना दीड-दीड मि.मी. जागा सोडून, आणि गोंदाचा एकेक थेंब फक्त दोन टोकांच्या मध्यावर. बसवण्याआधी तिला कडांसकट पॉलिश कर, म्हणजे उन्हाळ्यात ती आकसल्यावर कोरी पट्टी उघडी पडणार नाही.

आधी पॉलिश करण्याचे खरे कारण आणखी वेगळे आहे. शिसव आणि आंबा एकत्र घासलेस तर शिसवाची काळपट भुकटी आंब्याच्या छिद्रांत जाऊन बसते आणि मग कितीही झटकली तरी निघत नाही. चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, स्पिरिट लागले की शिसवाचा रंगही सुटतो आणि पॉलिशच्या बोळ्याबरोबर शेजारच्या फिकट लाकडावर ओढला जातो. म्हणून आंब्याच्या फळीवर फिकट चपड्याचे दोन-तीन हात आधी देऊन ती बंद करून टाक, आणि चिपांजवळ बोळा नेहमी आंब्याकडून शिसवाकडे ने. लाटांचे लाकूड रंध्याने उलटे उचकटते. पाते अगदी बारीक लावून पाहा, आणि तरीही ओरबाडे उठले तर रंधा ठेवून धारदार पोलादी पात्याने खरवड. शिसव घासताना तोंडाला मास्क हवाच. त्याच्या भुकटीने अनेकांच्या अंगाला खाज सुटते.

झाकण आधीच वेगळे बनवू नकोस. आधी पेटी सहा अंगांनी बंद करून चिकटव आणि गोंद पुरता वाळल्यावर वरून ३० मि.मी.वर सभोवार रेघ मारून झाकण कापून काढ, म्हणजे पट्टे झाकणावरून खाली सलग उतरतील. कापलेल्या कडा कडाप्प्याच्या सपाट लादीवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर फिरव.

आत सुती मखमल लाव. लोकरीत गंधक असते, त्याने चांदी काळवंडते. वहिनींच्या पाटल्या दोन-सहाच्या मापाच्या असल्या तर आतला व्यासच सुमारे ६० मि.मी. होतो, म्हणून तो कप्पा ७५ मि.मी.हून लहान नको. नथ आणि ठुशीसाठी उथळ, वेगळे खण कर; मोत्यांवर सोने घासले की त्यांची झिलई जाते. बिजागऱ्या पितळी घे, पण त्या बसवण्याआधी भोके पाडून घे, नाहीतर शिसव स्क्रूचे डोकेच मोडते.

आंब्याची फळी येत्या आठवड्यात पार्सलने रवाना करतो. झोपाळ्याच्या फळीच्या दोन्ही बाजूंचे फोटो तेवढे पाठव, म्हणजे कुठून चिरायची ते ठरवता येईल. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र