आबा, तुम्ही धरलेल्या बॅटरीसाठी

प्रिय आबा,
साष्टांग नमस्कार.

एवढं लांबलचक तुम्ही फोनवर वाचणार नाही, मला माहीत आहे. काकी वाचून दाखवतील. तरी हे पत्र सगळ्यांच्या देखत लिहितेय. गेल्या तीन वर्षांत माझी पटकथा सिनेमाच्याच माणसांनी हातात घेतली आणि अर्ध्यातून खाली ठेवली. तुम्हीही सिनेमाचेच, एकेकाळचे एडिटर. कोण कसं वागलं ते एकदा लिहून ठेवावंसं वाटलं.

मुंबईच्या ज्या गृहस्थांनी "सेकंड हाफ लूज आहे" म्हणून बाड परत केलं, त्यांनी सेकंड हाफ उघडलाच नव्हता. चाळिसाव्या पानापर्यंत चहाचे डाग होते, दुमडलेले कोपरे होते. त्यापुढची पानं झेरॉक्सवाल्याकडून आली तशीच, करकरीत, एकमेकांना चिकटलेली. एकशे अठरा पानं मी रात्री जागून लिहिली होती. वाचायला वेळ नाही म्हणाले असते तर मला काही वाटलं नसतं. न वाचता दिलेलं मत मात्र मी वर्षभर खरं धरून बसले, त्याचा राग अजून जात नाही.

मग ती कार्यशाळा. दीड महिन्याचा पगार भरला आणि दोन दिवस फळ्यावरचा तक्ता वहीत उतरवून घेतला. पटकथालेखन शिकवणाऱ्या अमेरिकेच्या सिड फील्डने १९७९ साली मांडलेला तो प्रसिद्ध तक्ता: एकशे वीस पानांची पटकथा, पहिला अंक तीस पानांचा, दुसरा साठ, तिसरा तीस. पान म्हणजे साधारण एक मिनिट. पुढे त्याने स्वतःच त्या साठ पानांच्या मधोमध आणखी एक खांब उभा केला, मिडपॉइंट. तक्त्याशी माझं भांडण नाही, तो कामाचा आहे. पण दोन दिवसांत माझी गोष्ट काय आहे हे कुणी विचारलंसुद्धा नाही. "साठाव्या पानावर काहीतरी मोठं घडवा," एवढं सांगून प्रमाणपत्र हातात ठेवलं.

मी घरी येऊन साठाव्या पानावर वादळ आणलं. मे २०२१ मधलं तौक्ते डोळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे लिहिताना हात अडला नाही. माड मोडले, कौलं उडाली, होड्या एकमेकींवर आपटल्या. सहा पानं वादळ चाललं. सहासष्टाव्या पानावर माझी नायिका होती तिथेच, त्याच दारात, तेच मागत उभी.

पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी गोष्ट थोडक्यात सांगते. रापणकराची, म्हणजे होडीने जाळं टाकून ते किनाऱ्यावरून ओढणाऱ्याची मुलगी. बापाने होडी मासळीच्या व्यापाऱ्याकडे गहाण टाकलेली. बाप जातो, व्यापारी होडी ओढून नेतो (हे तिसाव्या पानावर), आणि नारळी पौर्णिमेच्या आत ती सोडवून पुन्हा रापण लावायची असा तिचा पण. मग ती सोसायटीत जाते, बँकेत जाते, मामाकडे जाते, दागिने मोडते. रत्नागिरीला असलेला भाऊ अधूनमधून पैसे पाठवतो. आणि सत्त्याण्णवाव्या पानावर कळतं, की भावाचे पैसे एका पर्ससीन बोटीतल्या भागीचे आहेत. रापण किनाऱ्याजवळ येणाऱ्या मासळीवर जगते, आणि पर्ससीन तीच मासळी बाहेर समुद्रातच मोठ्या जाळ्याने घेरून उचलते. म्हणजे ज्या बोटीने आपला किनारा रिकामा केला, तिच्याच पैशाने आपली होडी सुटली. हा धक्का मी शेवटासाठी राखून ठेवला होता.

जूनमधली ती संध्याकाळ. पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस, वाडीतल्या सगळ्या होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या. तुम्ही पडवीत बसला होता. मी बाड पुढे केलं, म्हटलं ठेवून जाते, सवडीने बघा. तुम्ही म्हणालात, "मोठ्यान वाच. माका ऐकूक होया." तीन वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं.

चाळिसाव्या पानाला लाईट गेली. मी बाड मिटलं. खरं सांगते, मला हायसं वाटलं होतं, कारण पुढचा भाग रटाळ आहे हे मला ठाऊक होतं. तुम्ही काही न बोलता आत गेलात, ती जुनी स्टीलची बॅटरी घेऊन आलात, माझ्या बाजूला पाटावर बसलात आणि उजेड पानावर धरलात. "थांबा नको, वाच."

दीड तास, आबा. कौलांवर पाऊस, उजेडावर पाखरं. उजवा हात भरून आला की तुम्ही डाव्या हाताने धरत होता, आणि बदलतानाही उजेड ओळीवरून हलू देत नव्हता. एकदा तुमच्या मनगटावर डास बसलेला मी पाहिला. तो पोट भरून उडून गेला तरी तुम्ही हात हलवला नाही. काकी जेवायला हाक मारून गेल्या, पेज गार झाली. माझ्या लिखाणावर इतका वेळ कुणी हात धरून बसेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पुढचं सगळं मी शिकले ते त्या उजेडामुळे. तुम्ही नुसतं मत दिलं असतंत, तर तेही मी आधीच्यांसारखंच वहीत लिहून ठेवलं असतं.

वाचून झाल्यावर तुम्ही तुमच्या एडिटिंगच्या दिवसांतलं रिळांचं सांगितलंत. हजार फुटांचं एक रीळ, म्हणजे अकरा मिनिटं. दोन तासांच्या सिनेमाची अशी अकरा रिळं. पाचवं आणि आठवं चुकून अदलाबदल झालं आणि थेटरात कुणी ओरडलं नाही, तर समजायचं की त्या सिनेमाला मधला भाग नाहीच. त्या रात्री घरी जाऊन मी पंचेचाळीसपासूनची दहा पानं आणि पंच्याहत्तरपासूनची दहा पानं अदलून पाहिली. काही म्हणजे काही बिघडलं नाही. रडू आलं, पण तीन वर्षांत पहिल्यांदा कळलं की दुखतंय नेमकं कुठे.

आणि तुमचा तो प्रश्न. "बाय, रापण बरी लिवलंस. पण तुझी व्हडी वळता खंय, ता दाखय माका."

बाराव्या पानावर रापण मीच लिहिली होती. एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात. होडी जाळं सोडत सोडत बाहेर जाते. अर्धं जाळं पाण्यात, अर्धं अजून होडीत, अशा एका जागी ती नाळ, म्हणजे पुढचं टोक, किनाऱ्याकडे वळवते. माणसं तीच, वल्हीही तीच. पण तोपर्यंत आपण समुद्रात चाललेलो असतो आणि तिथून पुढे घराकडे, आणि आता जे काय असेल ते जाळ्यासकट ओढून आणावंच लागतं. लहानपणापासून बघतेय हे. माझ्या नायिकेची होडी मात्र साठ पानं सरळच चालली होती. वादळात हेलकावली, वळली नाही.

टायटॅनिकची आठवणही तुम्हीच काढलीत. सव्वातीन तासांचा सिनेमा, आणि हिमनग आदळतो तो साधारण एक तास चाळीस मिनिटांनी. जहाज बुडणार हे तर तिकीट काढतानाच ठाऊक असतं. पण तोवर आपण विचारत असतो, ही दोघं एकत्र येतील का; तिथून पुढे विचारतो, जगतील का. मी इतकी वर्षं मध्यंतर आणि मिडपॉइंट एकच समजत होते. मध्यंतर प्रेक्षकाला चहा पिऊन परत आणण्यासाठी असतं. वळण पात्राला लागतं, मग मध्यंतर असो वा नसो.

"ह्या पान हय कित्याक लपयलंस?" असं म्हणून तुम्ही सत्त्याण्णवाव्या पानावर बोट ठेवलंत.

आता ते पान एकोणसाठावं आहे. होडी सुटते. ती नारळ फोडते, सगळी वाडी नाचते, तिने जे मागितलं ते तिला मिळालेलं असतं. त्याच संध्याकाळी व्यापाऱ्याच्या वहीत तिला भावाचं नाव आणि बोटीचा नंबर दिसतो. आधीची ती लोकांच्या दारात उभी राहत होती. आता तिच्या हातात होडी आहे, आणि ठरवायचं तिलाच आहे. भाऊ घरी येतो. तिला ठाऊक आहे, त्याला ठाऊक नाही की तिला ठाऊक आहे. पूर्वी त्यांचं जेवणाचं दृश्य दोन मिनिटं नुसतं मासे वाढण्यात जायचं. एकही संवाद न बदलता आता तेच दृश्य वाचताना माझा घसा कोरडा पडतो. "घे ना अजून एक तुकडी, आपल्याच होडीची हा," एवढंच ती म्हणते. वादळ मी काढून टाकलं.

आबा, तुम्ही मानधनाचं विचारलं नाहीत, श्रेयनामावलीत नाव टाक म्हणाला नाहीत. निघताना माझ्या पिशवीत चार नारळ घातलेत आणि पाणंदीच्या टोकापर्यंत बॅटरी दाखवत आलात. आपल्याकडे रात्री घरून कुणी निघालं की माणसं खळ्यात उभी राहून उजेड धरतात, जाणारा वळणाआड होईपर्यंत. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. मुंबईत मोठमोठ्या दालनांत बसून आल्यावर मला ते फार विशेष वाटायला लागलंय. समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणं ही हुशारीच्या आधीची गोष्ट आहे, आणि ती ज्यांच्याकडे आहे त्यांना ती आहे हे माहीतही नसतं.

नवीन प्रत एकशे दहा पानांची झालीय. चतुर्थीला घेऊन येते. या वेळी पहिल्या पानापासून वाचीन, आणि एकोणसाठाव्या पानाला तुमच्या तोंडाकडे बघणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. त्या बॅटरीचा उजेड शेवटी शेवटी पिवळा पडत चालला होता, म्हणून मोठे सेल आणून ठेवलेत. काकींना सांगा, पेज आधी जेवून घेऊ.

तुमची,
बाय