चांदीचा रुपया सगळा सारखा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या नाण्यांवर आलेला लेख वाचला. राणीछाप असो की राजाछाप, इंग्रजी अमदानीतला रुपया म्हणजे चोख चांदी, असं त्यात बिनदिक्कत लिहिलं आहे. आठ दिवसही झाले नाहीत तोच त्या लेखाचं कात्रण घेऊन एक कोळीणबाई माझ्या दारात हजर. पेढी मुलाच्या हवाली करून मला सहा वर्षं झाली, पण रेवदंड्यात कुणाच्या पेटीत जुनं काही निघालं की माणसं अजून माझ्याकडेच येतात.

बाईंच्या हातात सासूची रुपयांची माळ होती. एकतीस रुपये, प्रत्येकाला डाख देऊन कडी बसवलेली. एका दुकानात दाखवली, तर तिथे बऱ्याच रुपयांना निम्म्याच चांदीचा भाव सांगितला म्हणून त्या तापलेल्या. "काका, पेपरात लिवलंय चोख चांदी, आन् तो बोलतो अर्धी भेसळ. माझी सासू काय खोटी माळ घालून मिरवायची?"

ओटीवर उन्हात बसलो आणि भिंगातून एकेकाचं साल वाचलं. नऊ रुपये जुने: चार राणीचे, दोन एडवर्डचे, तीन पंचम जॉर्जचे. उरलेले बावीस सहाव्या जॉर्जचे, सगळे १९४० ते १९४५ मधले. दुकानदार खोटं बोलला नव्हता. सासूही खोटी नव्हती. चुकलं ते आपल्या लेखाचं.

१८३५ साली कंपनी सरकारने कायदा करून सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, आजच्या हिशेबात ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. म्हणजे राणीछापसुद्धा शंभर नंबरी चोख नाहीच. नुसती चोख चांदी मऊ, हाताळून झिजते, म्हणून बारावा भाग हिणाचा. तोळाही त्याच १८० ग्रेनांचा धरल्यामुळे रुपया हेच वजन झालं. माझे आजोबा तराजूत रुपया टाकूनच तोळा मोजत, आणि रुपयाभार हा शब्द आमच्या घरात हळदीपासून सोन्यापर्यंत चालायचा.

या प्रमाणामागे कलकत्त्याच्या टांकसाळीतला कस तपासणारा अधिकारी जेम्स प्रिन्सेप याचा मोठा हात होता. ब्राह्मी लिपी वाचणारा प्रिन्सेप तो हाच. कस पाहणाऱ्याची नजर, दुसरं काय!

मग दुसरं महायुद्ध आलं, चांदी अपुरी पडू लागली, आणि १९४० साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. वजन तेच, आकार तोच, राजाचं तोंडही तेच. जुन्या रुपयात पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास चांदी, नव्यात पावणेसहाच्या थोडी वर. तराजूत दोन्ही एकमेकांना अचूक तोलतात, म्हणून तराजूला हा फरक कळत नाही. तो कळतो कसोटीला. बाईंच्या देखत मी राणीचा एक आणि १९४४ चा एक असे दोन रुपये काळ्या दगडावर शेजारी शेजारी घासले. एक रेघ पांढरी उमटली, दुसरीत तांबूस झाक. बाई वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता दिसलं." १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा, लोहचुंबकाला चिकटतो. तो या माळेत नव्हता, पण लोक तोही चांदीचा म्हणून घेऊन येतात.

१८३५ च्या आधी हा कस सांभाळायचा कुणी? टांकसाळी ठिकठिकाणी होत्या. पेशव्यांच्या परवान्यावर आमच्या शेजारच्या नागोठण्यालाही पैसे पाडले जात, आणि नाणं किती माशांचं (मासा म्हणजे सोनाराचं लहान वजन) हे परवान्यातच ठरवून दिलेलं असे. पण शहराशहराचा रुपया वेगळा, त्यामुळे सराफ प्रत्येकावर बट्टा, म्हणजे किमतीतली तूट, कापायचा. नावाला बट्टा लागतो तो इथूनच.

या बाबतीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आमच्या परिसरातलीच आहे. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून रायगडाला निघाला. वाटेत पोर्तुगीजांच्या चौलला, म्हणजे आमच्या आजच्या रेवदंड्याला पोचेपर्यंत वेशी बंद झाल्या होत्या, आणि साहेबांना ती रात्र गावकुसाबाहेर काढावी लागली. त्याच्या मागण्यांत एक कलम होतं: मुंबईत पाडलेलं कंपनीचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं. महाराजांचं उत्तर असं की, या कलमाची गरजच नाही. कोणतंही नाणं चालायला आमची मनाई नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान आहे ते घ्यायची सक्तीही आम्ही करणार नाही. तुमचं नाणं मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतकं कसाला आणि वजनाला उतरलं तर खुशाल चालू द्या. छाप कुणाचा हा प्रश्नच नव्हता. आधी कस, मग वजन.

लंडनला तर १२८२ पासूनची नोंद सापडते की, टांकसाळीने पाडलेल्या नाण्यांतली थोडी पेटीत बंद करून ठेवायची आणि ठरल्या वेळी बाहेरच्या पंचांनी ती तपासायची. हे पंच पुढे सोनारांच्या संघातले असत. राजाच्या टांकसाळीची झडती सोनारांनी घ्यायची! आपल्याकडे मात्र "सोनार, शिंपी, कुळकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा." आमची जात काही धुतल्या तांदळासारखी नाही, हेही कबूल करतो. पुतळ्यांची माळ घ्या. मुळातली पुतळी म्हणजे व्हेनिसचं सोन्याचं नाणं, साधारण साडेतीन ग्रॅमचं. १२८४ पासून १७९७ मध्ये ते राज्य बुडेपर्यंत त्यांनी त्याचा कस जवळजवळ चोख ठेवला. त्यावरच्या उभ्या आणि गुडघे टेकलेल्या माणसांना आपल्या बायकांनी पुतळ्या म्हटलं. पुढे तसल्याच पुतळ्या आम्हीच घडवू लागलो, आणि तिथे कस ज्याच्या त्याच्या इमानावर राहिला. बावनकशी म्हणून आलेल्या किती माळा मी दगडावर घासून मुकाट्याने परत दिल्या आहेत, ते माझं मला ठाऊक.

तर विनंती एवढीच: येत्या रविवारी चार ओळींचा खुलासा छापा. १९३९ पर्यंतच्या सालाचा रुपया बारात अकरा भाग चांदीचा, १९४० ते १९४५ चा निम्म्या चांदीचा, १९४७ चा निकेलचा. लोकांना साल वाचता येतं, त्यासाठी पेढी चढायची गरज नाही.

बाईंनी माळ विकली नाही. जुने नऊ रुपये मधोमध घेऊन बाकीचे दोन्ही अंगांना ओवायला सांगितलेत. दोन कड्यांचा डाख सुटलाय, तेवढा लावून सोमवारी देणार आहे.

आपला,
एक निवृत्त सोनार,
रेवदंडा, जि. रायगड