तुझं न्यूयॉर्क कोरडं हाय बघ

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

मारुती चौकाजवळच्या बोळातलं तुमचं गेमचं दुकान बंद झालं त्याला बरीच वर्षं झाली. तुमचा नंबर कुणाकडं मिळेना, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. आपल्या सांगलीतलं कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेलच.

2005 साली मी आठवीत होते. दुकानात सगळी पोरंच, म्हणून पहिल्या दिवशी मी दारातनंच मागं फिरले. तुम्ही हाक मारलीत, कोपऱ्यातला टीव्ही जरा आत वळवलात आणि प्लेस्टेशन टूमध्ये 'स्पायडर-मॅन 2' लावलात. पिक्चर आदल्याच वर्षी आला होता. पण ट्रेयार्क कंपनीच्या या गेममध्ये पिक्चरची गोष्ट बाजूला ठेवून न्यूयॉर्कमधलं अख्खं मॅनहॅटन हिंडायला मोकळं होतं! मी नुसती उड्या मारत होते आणि रस्त्यावर आपटत होते. तुम्ही म्हणालात, "आधीच्या गेममध्ये जाळं आभाळाला चिकटायचं. ह्यात खरी बिल्डिंग लागती. आधी बिल्डिंग बघ, मग जाळं सोड. पारंबीला लोंबकळतीस तसं. वर चढताना हात सुटला की लांब जातीस." पारंबी म्हटल्याबरोबर मला जमलं. तो पहिला लांब झोका अजून पोटात जाणवतो.

गेममधला खलनायक डॉक्टर ऑक्टोपस काय बोलतोय ते तुम्ही मागं उभं राहून मराठीत सांगायचात. गेममधल्या एखाद्या पोराचा फुगा सुटला की मी चोर सोडून फुग्यामागं पळायचे, तरी तुम्ही कधी घाई केली नाहीत. रिमोट हिसकायला आलेल्या पोरांना मात्र एका नजरेत बसवलंत. त्या कोपऱ्यात मला कधी भीती वाटली नाही. आज माझी मुलगी त्या वयाची आहे, तेव्हा ही गोष्ट केवढी मोठी होती ते कळतं.

मग कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट, एवढंच ज्याच्या त्याच्या तोंडात. पाणी ओसरल्यावर मी धावत दुकानात आले. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर चिखलाची रेघ होती. तुम्ही खराट्यानं गाळ ओढत होतात. मला बघून तुम्ही माळ्यावरनं लोणच्याची बरणी काढलीत. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत आम्हा पोरांची सगळी मेमरी कार्डं होती, ज्याचा त्याचा खेळ कुठवर आला ते साठवलेली. माझ्या कार्डावर चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या पेनानं तुम्ही लिहिलेलं माझं नाव.

"तुझं न्यूयॉर्क कोरडं हाय बघ," म्हणालात.

तुमचे दोन टीव्ही बाहेर चिखलात पडले होते. ते सोडून तुम्ही आधी आमची कार्डं वर ठेवली होतीत. आणि मी विचारलं काय, तर गेम परत कधी चालू होणार! तुमचं काय काय गेलं, ते विचारलंच नाही. आभारही मानले नाहीत.

दादा, मनापासून आभार. आता मी विश्रामबागेत राहते. घरी या. चहा घेऊ, आणि त्या दिवशी विचारायचं राहिलं ते सगळं मला ऐकायचंय.

तुमची,
कोपऱ्यातल्या टीव्हीवरची मुलगी